मैदानी स्पर्धांविषयी लिहू लागताना

तुम्ही मैदानी स्पर्धांविषयी मराठीत लिहू लागला आहात, याचा मनापासून आनंद झाला. सगळी परिभाषा आताच पाठ करण्याची गरज नाही. रुळलेले शब्द तेवढे नीट वापरा. गोळा प्रत्यक्षात खांद्यापासून ढकलला जातो, तरी 'गोळाफेक' हाच शब्द सर्वांना कळतो, म्हणून तो बदलण्याच्या फंदात पडू नका.

नवोदितांची सर्वाधिक गल्लत होते ती 'अडथळ्यांची शर्यत' या शब्दाबाबत. ११० मीटर शर्यतीतला अडथळा पायाचा धक्का लागताच पुढे कलंडतो; ३००० मीटर स्टीपलचेसमधला जाडजूड अडथळा मात्र जागचा हलत नाही, त्यावर पाय ठेवून पलीकडे जाता येते आणि त्यांपैकी एकापुढे पाण्याचा खड्डा असतो. म्हणून अविनाश साबळे यांच्याविषयी लिहिताना 'स्टीपलचेस' असेच लिहा.

आणखी दोन चुका टाळा:

- प्रत्येक विजयाला 'विक्रम' म्हणू नका. नीरज चोप्रा यांना टोकियोत सुवर्णपदक मिळवून देणारी ८७.५८ मीटरची फेक विक्रमी नव्हती.
- धावण्याची ती 'शर्यत'. लांब उडीला मात्र 'स्पर्धा' म्हणावे.

वाऱ्याच्या वेगाचे नियम आणि पात्रता निकष यांच्याकडे नंतर वळा.