केंद्रात जाण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू वडिलांसोबत येऊन गेलास. ते समोर बसले असल्यामुळे तू अर्धेच विचारलेस आणि मीही अर्धेच बोललो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सैन्यात अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या सेवेसाठी, तुझी निवड झाली, वैद्यकीय तपासणी पार पडली, तोफखान्याचे नाशिक रोडचे प्रशिक्षण केंद्र मिळाले आणि हजर होण्याची तारीखही आली. तरी तू गोंधळलेला आहेस, कारण तिघांनी तुला तीन गोष्टी सांगितल्या आहेत. भरती अकादमीचे सर म्हणतात की धावणे दुप्पट कर. मामा म्हणतात की धावणे आता पुरे, तूप-दूध खाऊन अंगात भर घाल, तिकडे ते उतरणारच आहे. नुकताच कसम परेड, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरची शपथेची परेड, करून सुट्टीवर आलेला मित्र म्हणतो की पहिल्या महिन्यात प्रत्येक जण रडतो. या तिघांचे ऐकून तू मला विचारलेस की मन कणखर कसे करायचे.

हा प्रश्नच मला पटला नाही. मन कणखर करण्याचा निराळा व्यायाम नसतो आणि मोबाइलवर जोशपूर्ण व्हिडिओ पाहून तर ते मुळीच होत नाही. मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचावीस. स्वतःचे काम स्वतःच्या हाताने करायचे, वेळेवर करायचे, आणि कोणी सांगण्याची वाट पाहायची नाही.

तू 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावतोस आणि दहा बीम (पुल-अप) मारतोस, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीत 60 आणि 40 मिळून पूर्ण 100 गुण तुझ्या पदरात पडलेले आहेत. तेवढे शरीर सुरुवातीला पुरते, पुढचे शरीर केंद्र घडवून घेते. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. चहा झाल्यावर तुझा कप वडिलांनी उचलला आणि ते तुझ्या लक्षातही आले नाही. द्राक्षाच्या बागेतली सगळी कामे येतात, असे तू अभिमानाने सांगितलेस, आणि फवारणीसाठी पहाटे उठतोस हे मला ठाऊक आहे. पण फवारणी करून आल्यावर चिखलाचे कपडे कोण धुते, हे विचारल्यावर तू हसलास. ते हसणे मला आवडले नाही.

केंद्रातली पहाट कशी असते ते नीट समजून घे. उजाडण्याच्या बरेच आधी उठायचे, मच्छरदाणी आणि अंथरूण ठरलेल्या घडीत ठेवायचे, संडासाच्या रांगेत उभे राहायचे, मिसरूड फुटलेले नसले तरी दाढी करायची, बूट चमकवायचे, आपल्या वाट्याची जागा झाडायची आणि शिट्टी वाजली की फॉलिनमध्ये, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभे राहायचे. यातले एकही काम अवघड नाही. परंतु ज्याला ही कामे विचार न करता करता येत नाहीत, त्याला पाच मिनिटे उशीर होतो, उशिरामुळे रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, मिळतो, रगड्यामुळे दुपारी अंग ठणकते, संध्याकाळी मोजे धुवायचे राहतात, रात्री झोपायला उशीर होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डोळा लागून आणखी एक शिक्षा पदरात पडते. आठवड्याभरात हाच मुलगा म्हणू लागतो की माझे मन खचले. वास्तविक त्याचे मोजे धुवायचे राहिलेले असतात, दुसरे काही झालेले नसते. शिवाय शिक्षा नेहमी एकट्याला होत नाही. एकाची पेटी अस्ताव्यस्त निघाली तर सगळी तुकडी मैदानाला चकरा मारते आणि मग त्या रात्री बॅरकमध्ये त्या मुलाशी कोणी बोलत नाही. घरची आठवण त्याला त्या रात्री येते.

म्हणून हातात उरलेल्या आठवड्यांत धावणे वाढवू नकोस, घरातली तुझी कामे आईच्या हातातून काढून घे. कपडे बादलीत हाताने धू, मशीन वापरू नकोस. इस्त्री कर, बटण शिव, पॉलिशची डबी आणून वडिलांचे बूटही चमकव. रोज साडेचारला ऊठ आणि उठल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मोबाइलला हात लावू नकोस, कारण तिकडे तो बहुतेक वेळ जमाच असेल. दहा मिनिटांत जेवण संपवायची सवय कर आणि ताटात काय आहे याबद्दल बोलणे बंद कर. आई म्हणेल, पोरगा जाणारच आहे, चार दिवस तरी आराम करू दे. तिला प्रेमाने सांग, पण ऐकू नकोस.

तुला हे सगळे बायकी किंवा क्षुल्लक वाटत असेल तर तोफेजवळ काय चालते ते सांगतो. तोफ एकटा माणूस चालवत नाही. तिच्यावरच्या प्रत्येक जवानाला नंबर असतो आणि प्रत्येक नंबराचे काम ठरलेले असते. कोणी गोळा उचलून देतो, कोणी भरतो, कोणी साइटवर दिशा आणि कोन लावतो. अंधारात, पावसात, कानठळ्या बसत असताना शेजारच्याचे काम तपासत बसायला कोणालाही वेळ नसतो. त्याने त्याचे केले आहे असे धरूनच पुढचा आपले काम करतो. एकाने काम दुसऱ्यावर ढकलले, तर गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो. इतर पलटणींना ध्वज असतो, तोफखान्यात तोफच ध्वजाच्या जागी मानली जाते आणि तिच्यासमोर शपथ घेतली जाते. जो आपले मोजे दुसऱ्याकडून धुऊन घेतो, त्याला मी तोफेजवळ उभा करणार नाही. निवृत्त झालो म्हणून हे मत बदललेले नाही.

मी केंद्रात उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, असताना मुलांच्या पेट्या उलट्या करून तपासत असे. माझ्या सोबतचे काही जण म्हणत की हा माणूस विनाकारण छळतो, आणि घरीही मंडळी म्हणतात की मी घराची बॅरक केली आहे. म्हणू देत. आजही माझे ताट मीच घासतो आणि माझ्या सदऱ्याला दुसऱ्या कोणी इस्त्री केलेली मला चालत नाही. मुलाने माझ्या वाटेने न जाता नोकरीसाठी शहर गाठले. त्याला माझी शिस्त जाचली असे लोक समजतात, परंतु परक्या गावात एकट्याने खोली चालवताना तो कोणावर अवलंबून राहिला नाही, हे मी पाहिले आहे. असो. हे तुझ्याबद्दलचे पत्र आहे.

आता पायांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सरांनी सांगितलेले दुप्पट धावणे मला धोक्याचे वाटते. गंगापूर रोडच्या डांबरावर झिजलेल्या बुटांनी तू जे अंतर कापतोस, ते एकदम वाढवलेस तर नडगीचे हाड कुरकुरू लागेल. हाडाला भार सोसायला हळूहळू शिकवावे लागते, त्याला एका महिन्याची घाई चालत नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा तुमच्या शिवारातल्या मातीच्या वाटेवर धाव, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घे आणि एक दिवस पांडवलेणीच्या पायऱ्या पाठीवर हलके ओझे घेऊन चढ. घोट्यावर येणारे जाड बूट घालून रोज तासभर चालत जा, म्हणजे फोड इथेच येऊन इथेच बरे होतील. ड्रिलमध्ये टाच जोराने आपटावी लागते आणि पहिल्या काही आठवड्यांत सगळा मार तिथेच बसतो. पायाची नखे सरळ काप, बोटांमधली जागा कोरडी ठेव, ओले मोजे घालून झोपू नकोस. एखादा दात किडलेला असेल तर तो आत्ताच दाखवून घे.

माझ्या तुकडीतला एक मुलगा नडगी दुखत असताना गप्प राहिला. मी रोज संध्याकाळी पाय पाहत असे आणि तो दर वेळी 'ठीक है उस्ताद' म्हणत असे. एके दिवशी दौडीत खाली बसला तो उठलाच नाही. हाडाला चीर गेली होती. त्याला पुढच्या तुकडीत टाकले गेले आणि ज्यांच्यासोबत तो आला होता त्यांची कसम परेड त्याने कुबड्या घेऊन बाजूला उभे राहून पाहिली. काही जण म्हणाले की माझ्या धाकाने तो बोलला नाही. मला ते तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही, कारण धाक सगळ्यांनाच होता आणि बाकीचे बोलत होते. खंत मात्र आहे. आपल्या शरीराची खबर देणे हेही स्वतःचेच काम असते, ते त्याला कोणी घरी शिकवले नव्हते. तुला मी शिकवतो आहे. स्नायू दुखतात ते सगळ्यांचेच दुखतात, त्याची तक्रार करू नये. पण हाडावर बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, विश्रांतीतही थांबत नसेल, तर त्याच दिवशी उस्तादाला सांगून एम.आय. रूम, म्हणजे केंद्रातला दवाखाना, गाठायची. दोन दिवस हलके काम मिळाले म्हणून कोणी हसले तर हसू दे.

केंद्र जवळ मिळाले म्हणून तुमच्या घरी आनंद झाला आहे. देवळालीचे तोफखाना स्कूल आणि नाशिक रोडचे केंद्र यांमुळे आपल्याकडच्या लोकांना तोफखाना घरचाच वाटतो. मला मात्र तुला दुसरे गोवळकोंड्याचे, म्हणजे हैदराबादचे केंद्र मिळाले असते तर बरे वाटले असते. केरळहून किंवा राजस्थानातून आलेल्या मुलाला माहीत असते की घर दोन दिवसांच्या गाडीवर आहे. तो पहिल्याच रात्री ते मनातून काढून कामाला लागतो. तुला भिंतीपलीकडे ओळखीचे हॉर्न ऐकू येतील, दिंडोरीची बस दीड तासात घरी पोहोचवते हे डोक्यात घोळत राहील, आणि आई दर रविवारी डबा घेऊन गेटवर येण्याचा हट्ट धरेल. तिला आजच सांग की बोलावल्याशिवाय यायचे नाही. केंद्रातले 31 आठवडे, त्यांतले पहिले 10 मूलभूत प्रशिक्षणाचे आणि पुढचे 21 तोफखान्याच्या कामाचे, तू नाशिकमध्ये नाहीस असे समजून काढायचे. आज्ञा आणि वर्ग हिंदीत असतात, म्हणून घरात रोज थोडे हिंदी बोल. 'दाहिने मुड' आणि 'पीछे मुड' यांत गोंधळ झाला तर सगळी रांग हसते आणि मग दंडही सगळी रांग भरते.

पैशाबद्दल वडिलांनी विचारले होते, ते थोडक्यात. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, त्यातले 30 टक्के सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेच्या खात्यात, जातात आणि हातात 21,000 येतात. तितकीच भर सरकार घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख मिळतात. सेवेत पुढे ठेवतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. चार वर्षांनंतरचा विचार वडील करतील, असे तू म्हणालास. तो विचारही तुझाच आहे. युनिटमध्ये गेल्यावर पदवीसाठी नाव घाल; मुक्त विद्यापीठ आपल्याच गोवर्धन शिवारात आहे आणि तुझ्यासारख्या नोकरी करणाऱ्यांसाठीच ते आहे. बागेच्या कर्जात पहिल्या पगारापासून सगळे ओतून टाकू नकोस. वडिलांना हे वाचून वाईट वाटेल, तरी लिहितो.

शेवटी कागद. तू दाखवलेल्या फाइलमध्ये तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आहे आणि त्यांच्या आधारवर दुसरे. मी ते दाखवल्यावर वडील म्हणाले, 'मी बघतो.' ते त्यांनी बघायचे नाही. नोंदीत आईवडिलांची नावे जशी चढतात तशीच वर्षानुवर्षे राहतात आणि पुढे प्रत्येक अर्जाच्या वेळी तो एक अक्षराचा फरक आडवा येतो. वडिलांना सोबत घेऊन आधार केंद्रावर तू जा, रांगेत तू उभा राहा, अर्ज तू भर, अंगठा तेवढा त्यांनी लावावा. मूळ गुणपत्रिका, रहिवास आणि जातीचे दाखले, बँकेचे पासबुक आणि पासपोर्ट आकाराचे फोटो यांच्या तीन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या पाकिटांत ठेव आणि त्या पाकिटांवर तुझ्याच अक्षरात लिही. शुक्रवारच्या आत दुरुस्तीची पावती घेऊन ये. वडिलांना पाठवू नकोस, तू ये.

तुझा,
काका