वकीलबाईंना विचारा : अंत्यविधीच्या वाटेवरचे फलक

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मुलगी-जावई अमेरिकेत कॅन्सस राज्यात असतात. तिकडे गेलो होतो तेव्हा जावईबापूंनी टोपेका शहरातल्या एका चर्चची हकिगत सांगितली. हे लोक जवानांच्या अंत्यविधीला जाऊन ‘मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार’ असे फलक धरतात म्हणे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मोकळं सोडलं. मी पलटणीतल्या पोरांच्या पेट्या त्यांच्या गावी पोचवल्या आहेत. असलं स्वातंत्र्य कुणाच्या कामाचं? आणि आपल्याकडे कुणी असं केलं तर?
— एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, जावईबापूंनी सांगितलं ते खरं आहे. वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च असं त्याचं नाव. म्हणायला चर्च, पण मंडळी बहुतेक एकाच घरातली. फ्रेड फेल्प्स हा धर्मोपदेशक, त्याची मुलं, सुना, जावई, नातवंडं. हा फेल्प्स स्वतः वकील होता आणि एके काळी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे खटले त्यानं लढवले होते! १९७९मध्ये कॅन्ससमध्ये त्याची सनद गेली. त्याच्या बऱ्याच मुलामुलींनीही कायद्याची पदवी घेतली, त्यामुळे कायद्याची रेघ नेमकी कुठे आहे हे या घराला चांगलं ठाऊक.

त्यांचं म्हणणं असं, की अमेरिकेनं समलिंगी माणसांना थारा दिला म्हणून देव कोपला, आणि जवान मरतात ती त्या कोपाची शिक्षा. तो जवान स्वतः कोण, कसा, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

मॅथ्यू स्नायडर हा मरीन दलातला पोरगा मार्च २००६मध्ये इराकमध्ये वाहन अपघातात गेला. मेरीलँड राज्यातल्या वेस्टमिन्स्टर गावी कॅथलिक चर्चमध्ये अंत्यविधी होता. फेल्प्स आणि घरातले सहाजण तिथे पोचले. पोलिसांना आधी कळवून, त्यांनी दाखवलेल्या सरकारी जागेवर, चर्चपासून सुमारे १००० फुटांवर उभे राहिले. अंत्यविधीच्या आधी अर्धा तास फलक धरले. शिवीगाळ नाही, धक्काबुक्की नाही. मॅथ्यूचे वडील अल्बर्ट स्नायडर यांना गाडीतून फलकांचे फक्त वरचे कोपरे दिसले. त्यांवर काय लिहिलंय ते त्यांनी रात्री टीव्हीवरच्या बातमीत पाहिलं.

त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. ज्युरीनं १ कोटी ९ लाख डॉलर मंजूर केले, न्यायाधीशांनी ते ५० लाखांवर आणले. वरच्या कोर्टानं सगळंच रद्द केलं आणि वर अपिलाच्या खर्चापोटी सोळा हजारांहून जास्त डॉलर या बापानंच फेल्प्सला द्यावेत असा हुकूम झाला. शेवटी २ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक असा निकाल फेल्प्सच्या बाजूनं दिला. चर्चची बाजू मांडायला फेल्प्सची वकील मुलगी मार्जी उभी होती.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी फलकांचं कौतुक केलेलं नाही. या बोलण्यानं भयंकर वेदना झाली हे त्यांनी निकालातच लिहिलं आहे. पण जागा सार्वजनिक, विषय देशाचा, सैन्याचा, धर्माचा, आणि माणसं पोलिसांनी सांगितलं तिथं उभी. मग शिक्षा उरते ती फक्त मजकुराची, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेला ती चालत नाही. कुठं उभं राहायचं, किती वेळ, हे मात्र सरकार ठरवू शकतं, हेही त्याच निकालात आहे. २०१२मध्ये त्यांच्या संसदेनं तसं केलं. लष्करी अंत्यविधीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, ३०० फुटांच्या आत निदर्शनं नाहीत. त्यात मजकुराबद्दल अवाक्षर नाही. शांततेचं गाणं म्हणणाऱ्यालाही तेच अंतर लागू.

मला विचाराल, तर फलकांपुरता हा निकाल मला पटतो. आनंदानं नव्हे. ‘अमेरिकेचा नाश अटळ आहे’ हा फलक शिक्षेस पात्र ठरवला, तर उद्या सरकारला न आवडणारा कुठलाही फलक त्याच मापानं मोजता येईल, आणि मोजणारा हात दरवेळी सज्जनाचा असेलच असं नाही.

पण विरोधात एकटे गेलेले न्यायमूर्ती अलिटो यांचंही एक म्हणणं मी सोडत नाही. अंत्यविधीनंतर या चर्चनं आपल्या संकेतस्थळावर मॅथ्यूच्या आईबापांचं नाव घेऊन लिहिलं, की तुम्ही पोराला सैतानासाठी वाढवलंत. हा देशाचा विषय कसा? साधी माणसं, दुःखात बुडालेली, आणि त्यांच्यावर नाव घेऊन केलेला वार. अलिटोंनी तो वार धरला. बहुमतानं तो मजकूर बाजूला ठेवला, कारण स्नायडर यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या अर्जात तो मुद्दा घेतलाच नव्हता. (अर्जात जे मागितलं नाही ते मिळत नाही. तिथंही आणि आपल्या तालुका कोर्टातही.)

आता आपल्याकडचं. इथं फलक उघडण्यापर्यंत गोष्ट जाणारच नाही, आदल्या रात्री पोलीस नोटीस घेऊन दारात येतील. घटनेच्या कलम १९(२)नं सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, चिथावणी अशा कारणांसाठी वाजवी बंधनं घालायला सरकारला मुभा दिली आहे. पण तुमच्या प्रश्नाला नेमकं लागू पडणारं कलम त्याहून जुनं आहे. १८६०च्या दंडसंहितेतलं २९७, आताच्या न्याय संहितेत ३०१. कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं अंत्यसंस्काराला जमलेल्यांना उपद्रव दिला किंवा मृतदेहाची विटंबना केली, तर एक वर्षापर्यंत कैद. त्यात धर्म कुठला, हे कुणी विचारत नाही.

या कलमाकडे पोलिसांचं लक्ष क्वचित जातं. माझ्या एका अशिलाच्या आईची तिरडी गावातल्या काही जणांनी स्मशानाच्या वाटेवर अडवली होती. ‘तुमच्या वस्तीचं मसणवट वेगळं, इकडून जायचं नाही.’ तिरडी दोन तास रस्त्यात. फिर्यादीत पोलिसांनी लिहिलं फक्त ३४१, म्हणजे वाट अडवली, जणू बैलगाडीच अडली होती. २९७ घालून घ्यायला मला अर्जावर अर्ज करावे लागले. अशा प्रकाराला आता अॅट्रॉसिटी कायद्यातही स्वतंत्र तरतूद आहे.

याउलट सगळ्यांच्या तोंडी असतं ते २९५-अ, आताचं २९९, धर्माच्या भावना दुखावण्याचं. लाहोरमध्ये पैगंबरांविषयीच्या एका पुस्तिकेचा प्रकाशक हायकोर्टातून सुटला, दंगलीची भीती निर्माण झाली, म्हणून १९२७ साली ते घाईनं आणलं. कलम आलं, तरी १९२९मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं, पण जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानापुरतंच. हा दुसरा भाग फिर्याद देणारे विसरतात. आपल्या पुण्यात २००४च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. शिवाजी महाराजांवरच्या ज्या पुस्तकावरून राग होता ते प्रकाशकानं आधीच मागे घेतलं होतं. तरी पोथ्यांची नासधूस झाली. तेव्हा, सुभेदारसाहेब, मला फेल्प्सची चीड येते, पण ‘भावना दुखावल्या’ म्हणून दगड उचलणाऱ्याची भीती जास्त वाटते. फेल्प्सच्या मंडळींना निदान लांब उभं करता येतं.

प्रश्न : मॅडम, मी लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक काका दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल रोज फार वाईट लिहितात. आई म्हणते, मोठ्यांशी वाद घालू नये. मी बोलावं की तक्रार करावी?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पोरी, आईचं अर्धं खरं आहे. ग्रुपवर बोलू नकोस. तिथं चाळीस माणसं बघत असतात आणि काकांना माघार घेता येत नाही. वेगळा मेसेज कर, आणि ‘तुम्ही वाईट आहात’ असं न म्हणता ‘हे तुम्हाला कुठून कळलं?’ असं विचार.

वर ज्या फेल्प्स घराण्याबद्दल लिहिलंय, त्याच घरातली नात, मेगन, चर्चचं ट्विटर खातं चालवायची. पाच वर्षांची असल्यापासून हातात फलक. तिच्याशी डेव्हिड अॅबिटबॉल नावाचा एक ज्यू ब्लॉगर वाद घालत राहिला. चिडून नव्हे, चेष्टामस्करी करत, आणि तिच्याच बायबलमधली विसंगती दाखवत. २०१२मध्ये मेगननं बहिणीसह घर सोडलं. निकालानं जे झालं नाही ते असं झालं. सगळ्यांचंच होतं असं नाही. घरातले बाकीचे बरेचजण अजून फलक घेऊन उभे राहतातच.

तक्रारीचं म्हणशील, तर काकांचं मत घाणेरडं असणं हा गुन्हा नाही. ‘अमक्या दिवशी जमा, त्यांना धडा शिकवू’ असं काही आलं, किंवा दोन समाजांत वैर पेटवणारा मजकूर फिरू लागला, तर न्याय संहितेचं १९६ लागतं, आणि मग काका-पुतणी हे नातं विसरायचं. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं आहे, की अशा भाषणांवर पोलिसांनी तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवावा. नोंदवतात का, हा वेगळा प्रश्न. म्हणून तू स्क्रीनशॉट ठेव, त्यात नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ मेसेज पुसू नकोस, पुढे पाठवू तर मुळीच नकोस. पोलीस ठाण्यात लेखी दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घे. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठव.