वाचकांचे प्रश्न : वेबसाइटसाठी डोमेन नेम कुठलं घेऊ?

प्रश्न : देवगडजवळ आमची आंब्याची बाग आहे. सीझनला पेट्या व्हॉट्सअ‍ॅपवर विकतो, बाकी वर्षभर कोकम आगळ, आंबापोळी, तळलेले गरे. आता वेबसाइट करायचीय. 'देवगड हापूस' असंच काहीतरी नाव हवं होतं पण डॉट कॉममध्ये ते आधीच गेलंय. मुलगा म्हणतो मध्ये डॅश टाकून घेऊ, नाहीतर डॉट शॉप घेऊ, ते पहिल्या वर्षी एकदम स्वस्तात मिळतंय. काय करावं?
– एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : ताई, डॅशवालं नाव अजिबात घेऊ नका. ज्याला पेटी आवडली तो तुमचं नाव पुढे सांगणार ते फोनवर नाहीतर ऑफिसात, तिथे "मध्ये डॅश आहे हां" असं कोण सांगत बसतं, आणि डॅश राहिला की गिऱ्हाईक थेट बिनडॅशवाल्याच्या साइटवर, म्हणजे आंबा गोड लागला तुमचा आणि ऑर्डर गेली त्याला.

पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. 'देवगड हापूस' हे नाव तुमचं एकट्याचं होऊच शकत नाही. हापूसला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर असे जिल्हे येतात, म्हणजे ते नाव तिथल्या सगळ्या बागायतदारांचं. (पेटीवर जीआय लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती केली नसेल तर सीझनच्या आधी करून टाका.) शिवाय कोकम आणि गरे विकताना हापूसचं नाव कशाला? तुमच्या बागेचं, वाडीचं, घराण्याचं जे नाव गिऱ्हाईक आत्ता घेतात तेच घ्या. आणि घेण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क साइटवर फुकटात सर्च करून बघा, त्या नावाने कोणी आधीच खाण्याचे पदार्थ विकत असेल तर नंतर नोटीस येते आणि छापलेली लेबलं वाया जातात.

मराठी नावांचं स्पेलिंग हा मोठा घोळ असतो. नुसता आंबा घ्या, कोणी एक ए लिहितं कोणी दोन, कोणी एम लिहितं कोणी एन. म्हणून नाव ठरलं की चार-पाच ओळखीच्यांना फोनवर नुसतं सांगा आणि टाईप करून पाठवायला सांगा, दोघातिघांनी वेगळं लिहिलं तर दुसरं नाव शोधा, किंवा दोन्ही स्पेलिंगं घेऊन एक दुसऱ्याकडे वळवा.

डॉट इन की डॉट कॉम? विक्री भारतातच असेल तर डॉट इन बिनधास्त घ्या, 2005 पासून ते सगळ्यांना सहज मिळतंय आणि लोकांच्या अंगवळणी पडलंय. दुबई-लंडनला पेट्या पाठवायचा विचार असेल तर डॉट कॉम बघा. डॉट शॉपवाल्यांच्या ऑफरला भुलू नका, आधी रिन्यूअलचा रेट बघा, पहिल्या वर्षी शंभर-दोनशे आणि पुढे दरवर्षी त्याच्या कितीतरी पट असं बऱ्याचदा असतं. डोमेन कायमचं विकत मिळतच नाही, ते दरवर्षी चालू ठेवायचं असतं, एकदम जास्तीत जास्त 10 वर्षांचं भरता येतं.

देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतंय. मला ते मनापासून आवडतं, पेटीवर छापलं तर छान दिसेल, पण त्यावरचा ईमेल अजून सगळीकडे नीट चालत नाही, म्हणून जोडीला घ्या, एकटं नको.

प्रश्न : आमचं इचलकरंजीत टॉवेल-चादरींचं दुकान आहे. ज्याने वेबसाइट केली त्यानेच डोमेन घेतलं, आता तो फोन उचलत नाही आणि डोमेन पुढच्या महिन्यात संपतंय. काय करता येईल?
– एक वाचक

उत्तर : दादा, आजच हूइज सर्च (डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणारा ऑनलाइन शोध) करून बघा, डोमेन कुठल्या कंपनीकडून घेतलंय आणि कधी संपतंय ते तिथे दिसतं. मालक म्हणून तुमच्या दुकानाचं नाव नोंदलेलं असेल तर जीएसटी सर्टिफिकेट, तुम्ही पैसे दिल्याची पावती घेऊन त्या कंपनीच्या सपोर्टला लिहा, अकाउंटचा ईमेल बदलून घ्या. मग ऑथ कोड (डोमेन हलवायला लागतो तो पासवर्ड) मागून डोमेन दुसरीकडेही नेता येतं. मालक म्हणून त्याचंच नाव असेल तर मात्र अवघड आहे, त्याला लेखी कळवा, भेटा, गोडीत मिटवा. नावाचा ट्रेडमार्क तुमचा असेल आणि डोमेन डॉट इन असेल तर निक्सीकडे (डॉट इनचं काम बघणारी संस्था) तक्रारीची सोय आहे, पण त्याला वेळ आणि फी दोन्ही लागतात.

तारीख उलटली तरी लगेच धीर सोडू नका. डॉट कॉमसारखी नावं लगेच बाजारात जात नाहीत, रद्द झाल्यावरही जुन्या मालकाला 30 दिवसांत सोडवता येतात, फक्त दंड जबर असतो. आणि नवं डोमेन घ्याल तेव्हा अकाउंट स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर उघडा, वेबसाइटवाल्याला फक्त कामापुरता अ‍ॅक्सेस द्या.