तारण: सोन्याचं आणि जिवाचं

विश्रामबागच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची सून वसईची, कॅथलिक. नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी सगळी मंडळी सांगलीहून तिकडे गेली होती. चर्चमध्ये 'आमच्या तारणासाठी' हे शब्द कानावर पडले आणि ताईंना घराजवळच्या पतसंस्थेची 'सोने तारण कर्ज' ही पाटी आठवली. त्या विचारतात, "देवाच्या दारात हा गहाणवटीचा शब्द कसा काय? उद्धार किंवा मोक्ष का म्हणत नाहीत? आणि चार महिन्यांच्या लेकराचं पाप ते कसलं धुवायचं?"

माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. त्यामुळे 'तारण' या शब्दावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं समजतो.

आधी क्रियापद बघा. बँकेतलं तारण ठेवतात, देतात, घेतात. जिवाचं तारण होतं. 'अमक्याच्या पाटल्यांचं तारण झालं' असं कुणी म्हणत नाही आणि 'मी माझा आत्मा तारण ठेवला' असंही नाही. (म्हटलंच तर ते सैतानाशी केलेल्या सौद्याबद्दल.) अर्थ वेगळे असले तरी दोन्हीकडे तरणं-तारणं हेच आहे, पाण्यातून पार होणं आणि करणं. कर्जाचा पाण्याशी काय संबंध, असं वाटेल. पण आपल्याकडे कर्ज बुडतं. बुडीत कर्ज म्हणतो आपण. जे बुडू देत नाही ते तारण. भाव पडलेला असला की सांगलीकडचा शेतकरी हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवतो, तिच्यावर कर्ज उचलतो आणि भाव चढला की विकून मोकळा होतो. ती पोती कर्ज देणाऱ्याच्या रकमेला तारतात, असं कागद म्हणतो. मला मात्र कायम वाटायचं, तारतात ती त्या शेतकऱ्यालाच.

तेव्हा प्रार्थनेतला शब्द चुकलेला नाही. श्रद्धेच्या अंगीकारात, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून श्रद्धेची कबुली देतात त्या निसियाच्या मतांगीकारात, 'आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी' ख्रिस्त स्वर्गातून उतरला असं वाक्य येतं. तिथं लॅटिनमध्ये 'सालुस' आहे. सालुस म्हणजे सुखरूपपणा, आरोग्यसुद्धा. त्यात पैशाचा वासही नाही.

पैशाचा वास आहे तो दुसऱ्याच शब्दाला, आणि त्याच्याकडे ताईंचं लक्ष गेलं नाही, कारण मराठीत तो 'मुक्ती' असा सोवळा होऊन येतो. लॅटिन 'रेदेम्प्तियो' म्हणजे सरळसरळ पुन्हा विकत घेणं. त्यामागे ग्रीक 'लुत्रॉन' आहे: गुलाम किंवा लढाईत धरलेला कैदी सोडवण्यासाठी मोजायची रक्कम. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात, इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, हे लपवलेलं नाही. तिथं रक्ताच्या द्वारे 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' असे स्वच्छ शब्द आहेत. खंडणी! साताऱ्याच्या गादीचा इतिहास वाचलेल्याला खंडणी म्हणजे बळवंतानं दुबळ्याकडून राजरोस केलेली वसुली. पण वर्तमानपत्रातली 'खंडणीसाठी अपहरण' ही बातमी आठवा. ग्रीक शब्दाच्या जवळ हीच खंडणी आहे. कुणीतरी धरून नेलंय आणि आपलं माणूस पैसे मोजून त्याला परत आणतंय.

मग ती भरली कुणाला, हा प्रश्न आलाच. तो जुन्या धर्मपंडितांनाही पडला होता. काहींनी सैतानाला भरली असं म्हटलं, काहींना ते अजिबात पटलं नाही. अकराव्या शतकाच्या शेवटी संत अँसेल्मनं हिशेब फिरवला: माणसाचं देणं सैतानाचं नाही, देवाचं आहे. उपमा फार ताणली की तुटते, ती ही अशी.

हिब्रूत याहून घरगुती शब्द आहे, 'गोएल'. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात कायदा सांगितलाय: भाऊबंद गरिबीनं जमीन विकून बसला तर त्याच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकानं ती सोडवावी. तो सोडवणारा म्हणजे गोएल. त्याच करारातल्या रूथच्या गोष्टीतला नातेवाईक बवाज हाच हक्क बजावतो. हाच शब्द तिथल्याच दुःखानं पिचलेल्या ईयोबाच्या तोंडी देवासाठी येतो, तेव्हा मराठी भाषांतरकार 'माझा उद्धारक जिवंत आहे' असं लिहितात. उद्धारक चांगलाच शब्द, पण त्यात तो जवळचा नातेवाईक हरवला. शिवाय उद्धाराचा आपल्याकडे भलताच उपयोग होतो. वसुलीला गेल्यावर एका थकबाकीदारानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तोही उंबऱ्यावर उभा राहून.

माझं मत विचाराल तर मराठीत या सगळ्याला नेमका शब्द आपल्या बायकांच्या तोंडी आहे: 'सोडवून आणणं'. 'ऊसबिल आलं, पाटल्या सोडवून आणल्या.' वस्तू आपलीच होती, परक्याच्या तिजोरीत अडकली होती, किंमत मोजून घरी आली. एवढ्या तीन गोष्टी एका क्रियापदात! कोकणी ख्रिस्ती लोक तारणाऱ्याला 'सोडवणदार' म्हणतात, ते ऐकलं की मला हेवा वाटतो. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही मराठीत 'आम्हांला वाइटापासून सोडव' आहेच. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच प्रार्थनेत आहे, 'आमची ऋणे आम्हांस सोड'. तिथं पाप नाही म्हटलं, ऋण म्हटलं. येशूच्या अरामी बोलीत 'होबा' हा एकच शब्द कर्जालाही चाले आणि पापालाही.

मोक्षाबद्दल थोडक्यात. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धेत फेराच नाही, जन्म एकच. अर्थात जुन्यांनी असल्या शब्दांचं वावडं मानलं नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटलंय.

आता लेकराचं पाप. इथं घोटाळा 'पाप' या शब्दाचाच आहे. आपल्याला पाप म्हणजे कुणीतरी केलेलं कृत्य वाटतं. ते या जन्मी केलेलं नसेल तर मागच्या जन्मी. बाप्तिस्म्यात धुतलं जातं ते आदिपाप, म्हणजे पहिल्या माणसापासून चालत आलेलं, तसं नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो की ते केलेलं पाप नव्हे, वाट्याला आलेली अवस्था आहे. लेकरू दोषी ठरत नाही. मी हे सातबाऱ्यावर समजून घेतलं. कर्ज आजोबांनी काढलं, नातवानं एक रुपया पाहिला नाही, पण जमीन त्याच्या नावावर आली ती इतर हक्कांतला बोजा घेऊनच. बाप्तिस्म्यानं हा बोजा उतरतो, असं कॅथलिक श्रद्धा मानते. पापाकडे असलेला माणसाचा ओढा मात्र उरतोच, हेही तीच सांगते.

स्वतः केलेल्या पापांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करणं, आहे आणि तिथं 'प्रायश्चित्त' हा आपला शब्द पुन्हा चकवतो. हिंदू धर्मशास्त्रातलं प्रायश्चित्त आधी करायचं, मग शुद्धी. पापनिवेदनात सहसा धर्मगुरू माफी उच्चारून मोकळे होतात आणि नेमून दिलेल्या प्रार्थना किंवा सत्कृत्य माणूस नंतर करतो.

पत्राच्या शेवटी ताईंनी हळूच लिहिलंय की सून रोज रात्री जपमाळेत येशूच्या आईला, मरियेला, 'आम्हा पापी लोकांसाठी विनंती कर' असं म्हणते, ते ऐकवत नाही. इतकी गुणी पोर स्वतःला पापी का म्हणवते?

ग्रीकमधला पापाचा शब्द 'हामार्तिया'. मूळ अर्थ नेम चुकणं. आपली 'चूक'सुद्धा चुकण्यातूनच आली, फक्त वापरून वापरून हलकी झाली. आणि आमची एक मावशी जतकडची, घरात अर्धं कानडी बोलणारी. दारात कुणी थकलंभागलं आलं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "पाप!" कानडीत त्याचा अर्थ 'बिचारं'. मग ती म्हणायची, "पाप, उपाशी आलंय लेकरू," आणि भाकरी काढायला आत जायची. सूनबाई मरियेला 'आम्हा पापी लोकांसाठी' म्हणतात, तेव्हा ताईंनी ते मावशीच्या कानडीत ऐकून बघावं.