पुण्याचं प्रभात टॉकीज खरंच पाडलं का?

नाही, पाडलेलं नाही. अप्पा बळवंत चौकाजवळची ती इमारत तीच आहे, फक्त पाटी बदलली. १९३४ साली हे थिएटर सुरू झालं. जागा इंदूरच्या सरदार किबे घराण्याची, म्हणून मूळ नाव किबे लक्ष्मी थिएटर. ते भाडेकराराने प्रभात फिल्म कंपनीकडे, नंतर कंपनीचे एक संस्थापक विष्णुपंत दामले यांच्या कुटुंबाकडे राहिलं आणि लोकांच्या तोंडी ‘प्रभात’ हेच नाव बसलं. डिसेंबर २०१४ मध्ये करार संपला, जागा मालकांकडे परत गेली. ‘प्रभात बंद झालं’ ही बातमी तेव्हाची. पुढे तेच थिएटर जुन्या, म्हणजे किबे लक्ष्मी याच नावाने पुन्हा उघडलं. मी शनिवार पेठेतला, म्हणून हे माहीत. मराठी सिनेमाला इतकी वर्षं हक्काचा पडदा देणारी जागा मॉल न होता थिएटरच राहिली, याचं मला फार समाधान आहे. अजूनही रिक्षावाल्याला ‘प्रभात’ म्हटलं की तो बरोबर तिथेच सोडतो.

एक मात्र लक्षात ठेवा: प्रभातचा स्टुडिओ वेगळा. तो लॉ कॉलेज रस्त्याला, तिथे आता एफटीआयआय ही सिनेमाचं शिक्षण देणारी संस्था आहे.