मीठ, डांबरगोळी आणि उधारीची वही

'कापडाबद्दल काहीही विचारा' असं मागच्या अंकात लिहून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पत्रांचा गठ्ठा आला, त्यातली पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या खटखटीत वाढले. वडील चादरी विणायचे, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. घरात तेलुगू, भांडणं मराठीत. लग्नानंतर 29 वर्षं साड्यांचं आणि मीटरवरच्या कापडाचं दुकान चालवलं. आता ते सून चालवते आणि मी गल्ल्याशेजारी बसून नको तेवढे सल्ले देते.

आजेसासूबाईंची पैठणी आहे, साधारण साठ वर्षांची. लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून आम्ही जपली. यंदा काढली तर जर काळवंडलेली आणि घडीवर रेशीम चिरलेलं. जर चिंचेने घासली तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

चिंच समईसाठी ठेवा. पितांबरी, टूथपेस्ट, लिंबू, सगळंच लांब ठेवा.

जुन्या पैठणीतली जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, तुमच्या देवघरातली वाटी पडते तशीच. वाटी घासता येते. ही तार इतकी पातळ असते की घासल्यावर आधी सोनं निघतं, मग तार तुटते आणि खालचं रेशीम उघडं पडतं. काळवंडलेली जर म्हातारपणासारखी मान्य करा. माझ्या आईच्या साडीची जर आता तपकिरी दिसते आणि मला ती तशीच आवडते.

यापुढचं नुकसान मात्र थांबवता येईल. प्लास्टिकची पिशवी आजच काढा. कोकणातला दमटपणा एकदा तिच्यात शिरला की बाहेर पडत नाही. डांबरगोळ्याही काढा, त्या जरीला आणि रेशमाला कधीच टेकू द्यायच्या नसतात. साडी गुंडाळायला जुनं, शंभर वेळा धुतलेलं मांजरपाट किंवा सासऱ्यांचं धोतर घ्या. कोरं कापड नको, कारण त्यात खळ असते आणि खळीला कसर येते. कसर आणि किड्यांसाठी वेखंडाचा तुकडा, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि चार लवंगा पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, साडीवर नको.

घडीवर चिरण्याचं कारण साधं आहे. साठ वर्षं ती एकाच रेषेवर मोडली गेली. जमलं तर घडी घालूच नका. पुठ्ठ्याच्या लांब नळीवर सुती कापड गुंडाळा आणि त्यावर साडी सैलसर गुंडाळून ठेवा. जागा नसेल तर दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. पावसाळ्यात उघडू नका, दसरा झाला की कोरड्या दिवशी सावलीत तासभर पसरा. उन्हात नको. नेसून आल्यावर लगेच कपाटात कोंबायची सवय आपल्या सगळ्यांची असते. आधी पंख्याखाली घाम सुकू द्या. आणि अत्तर साडी नेसायच्या आधी लावा, नंतर नाही.

चिरलेल्या जागी मशीन चालवू नका, सुईच्या प्रत्येक भोकापासून नवी चीर जाईल. मागून त्याच रंगाचं मऊ रेशमी अस्तर हाताने, लांब टाके घालून धरतात. रफूवाला चांगला हवा. येवल्याला जाणं झालं तर एखाद्या विणकराला दाखवा. अंगच विरलेलं असेल तर काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर बसवता येतात, पण तो शेवटचा उपाय. एकदा कात्री लागली की ती आजेसासूबाईंची पैठणी राहत नाही, असं माझं जुनाट मत आहे.

काकू, खणाचा लाल कुर्ता रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवला होता. तरी रंग गेलाच, आणि रूममेटचा पांढरा टॉप गुलाबी झाला. मीठ कमी पडलं का?
– हॉस्टेलवासी, पुणे

पोतंभर घातलं असतंस तरी हेच झालं असतं. मीठ रंगाऱ्याच्या भांड्यात कामाचं असतं, पाण्यातला रंग सुताच्या धाग्यात ढकलायला तो मीठ घालतो. तुझ्या बादलीत पोचेपर्यंत ती वेळ गेलेली असते. मिठाच्या पाण्यात रंग जरा कमी सुटतो, म्हणून आपल्याला वाटतं पक्का झाला. साध्या पाण्यात टाकलं की पुन्हा सुरू. तुरटीचंही तसंच. मंजिष्ठासारख्या झाडपाल्याच्या रंगाला धाग्यावर धरून ठेवायला ती वापरतात, आणि तीही रंगवण्याच्या वेळी. दुकानातून आलेल्या रासायनिक रंगावर ती काही करत नाही.

कुर्ता पाच-सहा वेळा वेगळा धू. गार पाणी, पाच मिनिटं, भिजत ठेवायचं नाही, पिळून लगेच सावलीत वाळत घालायचा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो एकटाच. टॉपला अजून इस्त्री केली नसशील तर आशा आहे. भरपूर पाण्यात साबणचुरा घालून बुडव, पाणी गुलाबी झालं की बदल, पुन्हा बुडव. मैत्रीण चिडली असेल, तिला वडापाव खाऊ घाल.

भिशीचे 80,000 रुपये हातात आले आहेत. घरातूनच, व्हॉट्सॲपवर साड्या आणि ड्रेसचं कापड विकावं असं मनात आहे. मिस्टर म्हणतात आधी गाळा बघू. 1,200 ची साडी 1,600 ला विकली तर 400 सुटतात, हा हिशेब बरोबर आहे ना, ताई?
– एक वाचक, बार्शी

गाळा नको. मिस्टरांना माझं नाव सांगा. भाडं दर महिन्याला येतं, गिऱ्हाईक दर महिन्याला येईलच असं नाही.

आता हिशेब. 1,200 च्या साडीवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 60 रुपये. तुमची नोंदणी नसेल तर ते परत मिळत नाहीत. येण्याजाण्याचा आणि हमालीचा खर्च एका साडीमागे 35 धरा, पिशवी आणि इस्त्री 25. साडी पडली 1,320 ला. 1,600 ला विकली तर सुटले 280. आता दहा साड्या आणल्यात आणि त्यातली एक कुणी घेतली नाही, असं धरा. अशी एक असतेच, बहुधा तीच तुम्हाला सगळ्यात आवडलेली असते. ती दिवाळीनंतर 1,000 ला काढली तर 320 चा तोटा. नऊ साड्यांचे 2,520, त्यातून 320 गेले, उरले 2,200. तुमच्या कागदावर 4,000 होते. यात तुमचे फोटो काढण्याचे तास आणि रात्री अकराला 'ताई, दुसरा रंग आहे का?' विचारणाऱ्यांना दिलेली उत्तरं धरलेलीच नाहीत.

म्हणून किंमत 1,750 लावा किंवा खरेदी स्वस्तात करा. सोलापूर तुम्हाला जवळ आहे. साध्या सुती कापडासाठी इचलकरंजीला एक फेरी मारा. मुंबईला जाणार असाल तर मंगळदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट आहेत, पण पहिल्या खेपेला तिथे जाऊ नका. इतकं कापड एकदम बघून डोळे फिरतात आणि पिशवी भरते.

80,000 पैकी 50,000 चाच माल घ्या. आणि सगळं थोडं थोडं घेऊ नका. सहा काठपदर, चार सिल्क, पाच शिफॉन, दहा ड्रेस असं केलं की गिऱ्हाइकाला वाटतं हिच्याकडे काहीच नाही. एकच गोष्ट धरा. मी असते तर सुरुवात मीटरवरच्या सुती कापडाने आणि ब्लाउजपीसने केली असती. त्यात पैसा कमी अडकतो, उरलं तर कटपीस म्हणून जातं, आणि ब्लाउजला आलेली बाई पुढे साडीलाही येते.

आता माझी फजिती. 1996 साली नवरात्राच्या आधी मी एका ठोक व्यापाऱ्याकडून काळ्या आणि गडद निळ्या सुती कापडाचे दहा तागे उचलले. भाव छान होता. घरी आणून थेट 80 सेंटिमीटरचे ब्लाउजपीस कापले आणि विकले. सोलापुरातला ऑक्टोबरचा उकाडा, दांडियाचा घाम. दसऱ्यापर्यंत चौदा बायका दुकानात आल्या, कुणाच्या काखेत निळं, कुणाच्या पांढऱ्या परकरावर काळं. सगळ्यांचे पैसे परत केले, शिलाईसकट. व्यापाऱ्याने हात वर केले. वडील तेव्हा होते, त्यांनी एकच विचारलं, 'तू स्वतः धुतलं होतंस का?'

तेव्हापासून नवीन लॉटमधला एकही तागा धुतल्याशिवाय विकायला लागला नाही. तुम्हीही तसंच करा. पाव मीटर कापा. पक्क्या शाईच्या पेनाने त्यावर 20 बाय 20 सेंटिमीटरचा चौकोन आखा. ओला पांढरा रुमाल कापडावर वीस वेळा घासा आणि काय लागतं ते बघा. मग तुकडा तीनदा धुऊन, वाळवून चौकोन मोजा. 20 चे 19 झाले तर कापड 5 टक्के आटलं. अडीच मीटर कापडात ते साडेबारा सेंटिमीटर होतात आणि मीटरभर उंचीच्या कुर्त्यात पाच, म्हणजे वीतभर नव्हे, पण गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर आणायला पुरेसे. गिऱ्हाइकाला आधी सांगा, 'शिवायच्या आधी भिजवून घ्या.' एवढं सांगितलं की ती बाई तुमच्याकडेच येते.

मिश्रण ओळखायला कडेचे दोन धागे ओढून ताटलीत जाळा. सुती कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. व्यापारी 'प्युअर' म्हणाला की हसायचं आणि धागा मागायचा.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तीही मोजा. त्याच किमतीचं कापड एकीकडे 36 इंच पन्ह्याचं आणि दुसरीकडे 44 इंचाचं असतं, आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. ताग्यावर 20 मीटर लिहिलेलं असलं तरी घरी पट्टी लावा.

उधारीचं काय सांगू! ओळखीच्याच बायका घेणार, मग 'पुढच्या महिन्यात देते' म्हणणार. नाही म्हणवत नाही. माझा नियम होता, अर्धे आधी आणि वहीत तिच्याच हाताने लिहून घ्यायचं. रक्कम स्वतःच्या अक्षरात दिसली की माणूस विसरत नाही. वहीतलं उधार एकूण मालाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर गेलं की नवी खरेदी बंद.

कागदपत्रं थोडी. लहान धंद्याची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. हैदराबादच्या मावशीच्या मैत्रिणींना पार्सलं जायला लागली तर मात्र आधी सीएला विचारा, राज्याबाहेरच्या विक्रीचे नियम वेगळे आहेत. मुद्रा योजनेतलं 50,000 पर्यंतचं 'शिशु' कर्ज आहे, पण पहिला माल संपेपर्यंत बँकेची पायरी चढू नका.

आईने सोलापुरी चादर पाठवली होती. इथे ड्रायरमध्ये टाकली आणि ती आखडली, कडाही वाकड्या झाल्या. परत पहिल्यासारखी होईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

पूर्ण नाही होणार. गार पाण्यात भिजवा, ओली असतानाच दोघांनी चार कोपरे धरून ताणा आणि सपाट पसरून वाळवा. थोडी सुटेल. पुढच्या वेळी ड्रायर नको, दोरी नसेल तर खुर्च्यांवर टाका. पहिल्या दोन-तीन धुण्यांत तिचा रंग आणि तंतू सुटतात, तेव्हा ती एकटीच धुवा. आणि आईला विचारा, चादर घेतली कुठून? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर विणलेल्या चादरी त्याच नावाने सर्रास विकल्या जातात. उलटी करून बघा. खरी जेकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी असलेली, चादर दोन्ही बाजूंनी पांघरता येते, नक्षी तीच, रंग उलटे.

माझं छोटं साडीचं दुकान आहे. एका बाईंनी क्रीम रंगाची साडी एकदा नेसून, धुऊन परत आणली. म्हणतात, काठाचा लाल रंग साडीच्या अंगावर उतरला. काठ तर हिरवा आहे! पैसे द्यायचे का?
– एक दुकानदार, अकोला

थांबा, पैसे देऊ नका आणि भांडूही नका. हे माझ्याकडे तीनदा झालंय. त्यांना विचारा, साडी कुठे नेसली होती. हळदीचा कार्यक्रम, नाहीतर पंगतीत वाढायचं काम, असंच काहीतरी निघेल.

हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. बाईंना पिवळा डाग दिसला, त्यांनी वडी घासली, डाग लालभडक झाला आणि संशय काठावर गेला. त्यात त्यांची चूक नाही, मलाही पहिल्यांदा घाम फुटला होता. त्यांना दुकानात बोलवा, चहा मागवा आणि त्यांच्यासमोर डागाच्या एका टोकावर लिंबाचा एक थेंब टाका. लाल जागा पिवळी होईल. मग साध्या पाण्याने तो थेंब धुऊन टाका. साडी सुती असेल तर सांगा, स्वच्छ पाण्याने साबण काढून ओली असतानाच डागाची बाजू उन्हात धरा, दोन-तीन दुपारींत हळद उडते. रेशमी असेल तर ऊन नको, ड्रायक्लीनवाल्याकडे द्या आणि 'हळद आहे' एवढं आवर्जून सांगा.

माझ्याकडच्या तिसऱ्या बाई लिंबाचा थेंब बघून इतक्या हसल्या की जाताना दोन ब्लाउजपीस घेऊन गेल्या. एक पिवळा होता.