आधी वेळ सांग, मग गोष्ट

अनेक आशीर्वाद.

निवारा केंद्रातल्या मुलांना काय शिकवू, असं तू विचारलंस. गाणी, गोष्टी, चित्रं, सगळं शिकव. पण त्याआधी कुठल्या वारी किती वाजता येणार ते मुलांना सांग आणि ती वेळ पाळ. आज रात्री कुठे झोपायचं हे ज्या मुलाला ठाऊक नसतं, त्याला चार वाजता आपलं माणूस येणार एवढं तरी नक्की ठाऊक असू दे.

सतत धास्तीत राहणाऱ्या मुलाच्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं पुन्हा पुन्हा वाढतात. मन सारखं धोक्याच्या मागावर राहतं; राग आवरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं त्याला जड जातं. दार आपटलं की टेबलाखाली शिरणारं मूल तुला दिसेल, खाऊ खिशात लपवणारंही दिसेल. त्यांना हट्टी, हावरट म्हणू नकोस. आणि पहिल्याच दिवशी तुझ्या गळ्यात पडणाऱ्या मुलाचा लळा लागला म्हणून हुरळू नकोस. भरवसा कुणावर ठेवायचा, हे शिकायची संधीच बहुधा त्याला मिळालेली नसते.

एखादं मूल खेळतानाही एक हात दप्तराच्या पट्ट्यावरून काढत नाही. 'ठेव ते बाजूला' असं म्हणू नकोस. दप्तर त्याच्या नजरेसमोर राहील अशी जागा दे. मळकी चादर धुवायला न्यायची असेल तरी आधी त्याला विचार, कधी परत मिळेल ते सांग.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. अतिशय खडतर परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे समर्थ, मायाळू माणसं झाली. त्यांच्या वाट्याला घरातलं किंवा बाहेरचं, निदान एक तरी भक्कम माणूस आलं होतं. ते माणूस तूच व्हायला हवंस असं नाही. बऱ्याचदा ती आईच असते. केंद्रात जेवायचं कधी, दिवे मालवायचे कधी, हे दुसरेच ठरवतात आणि मुलांसमोर आईचा शब्द हलका होतो. तू तसं करू नकोस. मुलानं तुला परवानगी विचारली तर 'आईला विचारून ये' म्हण. चित्र पूर्ण झालं की पहिल्यांदा तिला दाखवायला पाठव. ती थकून चिडली असेल तर मुलांसमोर तिला सल्ले देऊ नकोस, तिच्याजवळ थोडा वेळ बस.

'मी कायम येईन' असं वचन मात्र देऊ नकोस. ही मुलं एका रात्रीत दुसरीकडे हलवली जातात, निरोप घ्यायचा राहून जातो. मागे राहिलेली मुलं विचारतात, तो कुठे गेला? ठाऊक असेल आणि सांगण्याजोगं असेल तेवढं खरं सांग. मूल हललं तर तुला कोण कळवणार, त्याची वही त्याच्यापर्यंत कशी पोहोचणार, हे केंद्रातल्या लोकांशी पहिल्याच आठवड्यात बोलून ठरवून घे.